गाळाचा नमुना, क्रमांक सतरा

गाडगे महाराज पुलाखाली, सकाळी सातला,
मी गोदेच्या पात्रात प्लास्टिकची नळी खुपसते.
साठ सेंटिमीटर गाळ.
वरून बूच, खालून बूच, मार्करने तारीख.

पलीकडे गुडघाभर पाण्यात यमुनाबाई झारेकरी.
नाव दुसऱ्या नदीचं, पोट हिच्यावर.
घमेल्यात तोच गाळ फिरवतेय,
हात जात्यासारखा, पण हलका.

“काय सापडतं?” मी विचारते.
हा प्रश्न प्रश्नावलीत नाही.
“कधी मणी. कधी दाताचं सोनं.
नाणी तर पोरं लोहचुंबकानं आधीच नेतात.
तुला काय सापडतं?”
“शिसं. जस्त. थोडं क्रोमियम.”
“भाव काय त्याला?”

सातपूरचा पत्ता सांगणारे धातू,
द्राक्षबागांवरून धुऊन आलेलं बोर्डोचं तांबं,
कुणाच्या तरी वडिलांची राख,
सगळे एकाच थरात
मांडीला मांडी लावून बसलेत.
माझ्या तक्त्यात रकाने दोनच:
नैसर्गिक. मानवनिर्मित.
राख कुठे लिहायची
याचं उत्तर सरांनी दोन महिने दिलेलं नाही.

यमुनाबाई नळी उजेडात धरते.
“ही काळी रेघ पुराची नव्हं.
काँक्रीट ओतलं, त्या सालची.
त्याआधी झरा कुठंय ते पायालाच कळायचं.
तळव्याला एकदम गार,
खालून कुणी बोट लावल्यागत.”

मी लिहून घेते:
स्थानिक निरीक्षण, पडताळणी आवश्यक.
मग पडताळणीसाठी चप्पल काढते.
बराच वेळ उभी राहते.
निर्माल्याची पिशवी घोट्याला अडकते, सुटते.
पाणी सगळीकडे सारखंच कोमट.
दुतोंड्या मारुतीकडे पाहते,
त्याला तरी कमरेपर्यंत मोजायची सवय आहे;
तळाचं कुणी मोजलंच नाही.

“लागलं का काही?”
“नाही.”
“मग लिही ना, नाही म्हणून.”
हेही खरंच. ‘नाही’ हीसुद्धा नोंद असते,
हे मला एम.एस्सी.ला शिकवलं होतं
आणि मी विसरले होते.

निघताना ती हाक मारते,
“ए पोरी, तुझं झालं की तो गाळ परत आण.
आत काही निघालं तर ते माझं.”

प्रयोगशाळेत नमुना रात्रभर वाळतो,
एकशे पाच अंशांवर.
भट्टीच्या काचेतून तो साधी माती दिसतो.
चिठ्ठीवर ठिकाण, खोली, वेळ,
आणि खाली, सरांना दिसणार नाही इतक्या बारीक अक्षरात:
परत करणे.