कर्ता शोधा

आठवीत संस्कृत सोडून मी फ्रेंच घेतलं,
कारण फ्रेंचला मार्क पडतात असं
म्हापशाहून येणाऱ्या कदंबमध्ये
कुणीतरी आईला सांगितलं होतं.
अकरावीत स्पॅनिश आलं, शनिवारी, शाळा सुटल्यावर,
फक्त टीचर ओफेलियांना ते येत होतं म्हणून.
येत होतं म्हणजे, त्यांच्या हळदोण्याच्या घरी पोर्तुगीज.
त्यात मीठ थोडं कमी टाकलं की झालं स्पॅनिश, म्हणायच्या,
आणि हसताना तोंडावर रुमाल धरायच्या.

फ्रेंचचा र घशातून काढायचा.
मी न्हाणीत बादली भरेपर्यंत सराव करायचे.
बाबा बाहेरून विचारायचे, उलटी होतेय का गं?

फ्रेंचमध्ये टेबल ती. पुस्तक तो. पाणीसुद्धा ती.
मग आमचं ते कुठे गेलं, टीचर?
ते मूल, ते घर, ते वासरू?
त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.
ट्रक जात होता, खिडकीच्या गजांवर लाल धूळ.
हरवलं, म्हणाल्या. लॅटिनकडे होतं, यांनी वाटेत टाकलं.
आपल्याकडे आहे अजून. तें घर, तें उदक.
सांभाळा.

साबण फ्रेंचमध्ये साव्हों, स्पॅनिशमध्ये खाबोन.
आमच्या विहिरीच्या दगडावर झिजत पडलेल्या साबणाला
आपले एवढे नातेवाईक आहेत हे कुणी कळवलंच नव्हतं.

मग तो शनिवार. फळ्यावर:
मला आंबा आवडतो.
मे गुस्ता एल मांगो. कर्ता शोधा.
पहिल्या बाकावरची नेरिसा, जिच्या घरी कुत्र्याशीही इंग्रजी,
म्हणाली, मी.
चूक.
मग परत तेच, जरा मोठ्यानं.
मीही गप्प. दहावीपर्यंत मी "मला"ला
चतुर्थी म्हणून एक मार्क घेऊन सोडून दिलं होतं.

मागून आनाक्लेत उठला.
पोदेराचा मुलगा, दहावीला दोनदा बसलेला,
शर्टाच्या बाहीला कायम पीठ.
"म्हाका आंबो आवडटा. आंबो, टीचर.
सगळें आंबोच करता. हांव कांयच करिना."
वर्ग हसला.
टीचरांनी खडू खाली ठेवला,
आणि बराच वेळ उचलला नाही.
मला भूक लागते, म्हणाल्या. थंडी वाजते. झोप येते.
आठवण येते.
पुढचं काही बोलल्या नाहीत. घंटा व्हायला अजून वीस मिनिटं होती.

परीक्षेत तो स्पॅनिशमध्येही नापास झाला, हे सांगायला हवं.
स्पेलिंग.

पुढे आजोबांच्या जन्मदाखल्यावर
त्याला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला.
त्यावर तो गेला इंग्लंडला, स्विंडनच्या एका गोदामात,
जिथे रात्रपाळीला खोकी मोजायची असतात, इंग्रजीत.
पहिल्या वर्षी त्याचा मेसेज आला:
टीचर सांगायची ना, पगार हे स्पॅनिशमध्ये क्रियापद,
त्याचा अर्थ पैसे देणे?
इथे आल्यावर पटलं. सगळा देण्यातच जातो.
मी हसण्याचं चित्र पाठवलं.
मग त्यानं नंबर बदलला असावा.

मी साखळीच्या पतपेढीत आहे.
फ्रेंच बोलायला इथे कुणी येत नाही.
नऊपर्यंत आकडे धड येतात, दहाला शंका वाटते.
र मात्र आहे. घसा बसला की आपोआप निघतो.

सकाळी सहाला भोंगा वाजतो, बापूय अजून सायकलवर येतो.
चार पाव, दोन पोळ्ये, सुट्टे पैसे.
मी दर वेळी विचारते, आनाक्लेत कसा आहे?
तो टोपलीवरचं निळं प्लास्टिक नीट करतो.
"बरो आसा. पूण त्याका थंय आवडना."

सायकल मयेच्या वळणाला जाईपर्यंत
मी पाव हातात घेऊन दारात उभी.
आवडत नाही. काय आवडत नाही?
वाक्यात कर्ता शोधते.
पाव गरम असतात. हात बदलावा लागतो.