गोष्टीत नसलेला घोडा

नाशिकरोडच्या प्रेसमधून सुटताना
वडील रोज फाटकाशी खिसे उलटे करून दाखवायचे.
दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजलेले हात वर,
खिशात रुमाल, सुपारीची पुडी,
आणि एकदा घडी घातलेली सहा पानं.

इंग्रजी गोष्ट.
देवळाली कॅम्पातल्या रद्दीत सापडलेली.
शिपायानं पानं उजेडाकडे धरली,
वॉटरमार्क दिसेना, तेव्हा म्हणाला, जा मोगल.

वाचनालयातली डिक्शनरी घरी देत नसत.
तीन महिने रविवार तिथंच गेले.
एक विमा एजंट चुकीच्या लग्नात शिरतो,
नवरीचा हरवलेला मामा समजून
लोक त्याला पहिल्या पंगतीत बसवतात.
सातवं पान नव्हतंच.
मामा तिथंच राहिला, असं वडील आम्हाला सांगायचे,
दिवाळीला भाचीकडून ओवाळून घ्यायला लागला.

मग त्याच गोष्टीचा सिनेमा लागला,
रविवार कारंज्याजवळ, सकाळी दहाला, निम्म्या दरात.
आम्ही पाचही जण. आईनं नवं लुगडं नेसलेलं.

वडील सगळ्यांच्या आधी हसायचे.
पडद्यावरचा माणूस अजून दारातच,
आणि आमच्या रांगेत हसू फुटून मोकळं.
कॉलेजची पोरं वळून बघायची.
मला लाज वाटली, आणि थोडी ऐटही.

मध्यंतरानंतर मांडवात घोडा घुसला.

केक खाल्ला त्यानं, टोप्या खाल्ल्या,
एजंटाला पाठीवर घेऊन नदीत उतरला.
थिएटर लोळत होतं.
वडील गप्प. मग उभे राहून, मोठ्यानं, मराठीत:
"हा घोडा कुठनं आला?"

तेव्हा आई हसली.
इंग्रजीचं अक्षर न येणारी आई
पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

शेवटचं रीळ चढायच्या आत
वडिलांनी आम्हाला बाहेर काढलं.
"पुढचं मला माहीत आहे."

टांग्यात कुणी बोलेना.
पुढ्यातलं जनावर आपल्या चालीनं चाललेलं.
बरंच अंतर गेल्यावर आईनं विचारलं,
"अन् घोड्याचं काय झालं हो?"

वडील विचार करत राहिले.
प्रेसची भिंत दिसायला लागली, तेव्हा म्हणाले,
"त्यालाही ठेवून घेतलं त्यांनी.
मामाचाच होता ना."