दॅट म्हणजे की

कन्ना चौकामागं, टॉवेलच्या कारखान्यावरची खोली,
संध्याकाळी सातची बॅच.
खाली चार माग. त्यांच्या खडखडाटावरून
मी ओरडून शिकवतो:
अवतरणचिन्हं काढा. मध्ये दॅट घाला.
दॅट म्हणजे की.

"पण सर, आपल्याकडं की शेवटी येतो की,"
मागच्या बाकावरून तौसीफ बागवान.
बॅच हसते. मीही.
खोटं कसं म्हणू, या गावात की ला
वाक्याच्या टोकाला पाय सोडून बसायची सवय आहे.

मग फळ्यावर कोष्टक.
नाऊचं देन. हिअरचं देअर.
टुमॉरोचं द नेक्स्ट डे.
दुसऱ्याचं बोलणं आपण सांगायला गेलो
की काळ एक पायरी मागं जातो,
सतरा वर्षं मी हे सांगतोय, न थांबता.

गृहपाठ: घरात ऐकलेली पाच वाक्यं बदलून आणा.

लावण्या मेरगूची वही. तंबाखूचा वास.
चार वाक्यं बरोबर:
आई म्हणाली की पानं भिजवलेली नव्हती.
कारखान्यातला कारकून म्हणाला की
दीडशे विड्या छाट निघाल्या होत्या.
असलीच आणखी दोन.
पाचवं मात्र जसंच्या तसं, चिन्हांसकट:
नायना सेड, "आय ॲम कमिंग."

हे का नाही बदललंस?

"बदललं तर वॉज कमिंग होतंय सर."

मग तेच बरोबर.

"येत होते म्हटलं की
आले नाहीत असं वाटतंय."

दोन दिवाळ्या झाल्या त्यांना भिवंडीला जाऊन.
निघताना दारात चप्पल शोधत म्हणाले होते, पोयि वस्ता.
जाऊन येतो.
"आमच्यात नुसतं जातो म्हणत नाहीत. तुमच्यात म्हणतात?"

नाही म्हणत.
माझे वडील सिव्हिलमध्ये, स्ट्रेचरवरून, "येतो रे" म्हणाले.
अकरा वर्षं मी ते असंच सांगतो:
वडील म्हणाले, येतो.
मराठीत ते क्रियापद कुणी हलवायला लावत नाही.

ती तेलुगूत पूर्ण वाक्य म्हणून दाखवते,
पोयि वस्ता अनि चेप्पिंडु.
त्यातलं अनि माझ्या कानाला आणि ऐकू येतं,
पुढं अजून काही सांगायचं राहिल्यासारखं.

लाल पेनाचं टोपण काढून मी बसलो होतो.
परीक्षेत एक मार्क कापतील, म्हटलं.

"कापू दे की."

मग वही दप्तरात कोंबत तिनं विचारलं,
उद्या पॅसिव्ह घेणार ना सर.