पाव फेरा

डॉक्टरीण बाईंनी तिच्या टाळूचा साचा
माझ्या तळहातावर ठेवला.
पांढरा, कोरडा. मी अंगठ्याने कडा तपासली,
सवयच ती.
बावीस वर्षं फरशी बसवतोय,
नेरूळपासून घणसोलीपर्यंत कुणाकुणाच्या घरात
माझी रेघ सरळ आहे.

आणि पोरीच्या तोंडात
वरची ओळ खालच्या ओळीच्या आत शिरलेली.

कार्तिकी सातची. चार दात पडलेत.
पहिला काडेपेटीत ठेवलाय तिने,
फेकायला आमच्याकडे कौलं नाहीत,
सिडकोचा चौथा मजला, त्याच्यावर मोबाईलचा टॉवर.

"दुधाचे तर दात," मी म्हणालो, "पडायचेच आहेत.
बारा-तेराची झाली की आणू."
बाईंनी पेनाचं टोक साच्याच्या मधोमध फिरवलं.
"इथे सांधा आहे. अजून ओला आहे."

फॉर्मवर माझा धंदा वाचला असणार त्यांनी.

माल ओला असतो तोवर
रबरी हातोडीचा एक टोला पुरतो,
कधी नुसता तळहात.
सुकल्यावर ग्राइंडर, धूळ,
आणि शेजारची चांगली फरशीही जाते.
मी तीन हप्त्यांचं विचारलं.

टाळूला चिकटवलेला स्क्रू, एक बारीक चावी,
रोज रात्री पाव फेरा.
कांचनचा हात थरथरतो, म्हणून मी.
जेवण, चूळ,
मग माझ्या मांडीवर तिचं डोकं,
कांचनने धरलेली मोबाईलची बॅटरी,
आणि सिमेंटने चिरलेली माझी बोटं
साबणाने दोनदा धुतलेली.
"आ कर."
भोकात चावी. पुढून मागे.
नाकाच्या मुळाशी ताण येतो म्हणते,
डोळ्यांत पाणी येतं,
मग उठून कॅलेंडरवर,
सिलेंडर आल्याच्या तारखेशेजारी,
पेन्सिलने फुली मारते.

साबुदाण्याचा थाबुदाणा झाला.
वर्गातला कुणी ओजस तिला त्याच नावाने हाक मारायचा,
तिने त्याला कंपासपेटी मारली.
सही करायला शाळेत मी गेलो. ओरडलो नाही.

अकराव्या दिवशी पुढच्या दोन दातांत
फट पडली.
पैसे देऊन.
पाटणहून मावशी आलेली, पदर तोंडाला लावून म्हणाली,
"आरं, फटीतनं लक्ष्मी गळती."
रात्रभर डोळा नाही.
सकाळी कोपरखैरण्याला क्लिनिकच्या बंद शटरपुढे
मी, आणि दूधवाला.
बाई आल्या, मास्क लावायच्या आधीच हसल्या.
"फट पडली? मग सरकलं म्हणायचं.
भरेल ती आपोआप."

खिशात हात घातला तर
नेहमीसारखे दोन-चार स्पेसर,
प्लास्टिकचे, अधिकच्या खुणेसारखे.
मीच तर लोकांना सांगत असतो,
जागा सोडली नाही
तर उन्हाळ्यात फरशी फुगते, कमान करून उठते,
मग मला फोन करता.

अठ्ठाविसाव्या फुलीला बाईंनी स्क्रू बंद केला.
आता सहा महिने काही फिरवायचं नाही.
हाड भरू द्यायचं.
चावी परत मागितली नाही त्यांनी,
माझ्या पेटीत आहे, लेव्हलच्या बुडबुड्याशेजारी.

कार्तिकी सगळ्यांना आ करून दाखवते,
लिफ्टमध्ये, वाण्याकडे, वॉचमनला.

आमच्या लग्नाच्या अल्बमात एकशे दहा फोटो.
एकातही कांचनचे दात नाहीत.
मी इतकी वर्षं समजायचो,
लाजते.

काल रात्री पाण्याला उठलो तर मोरीत उजेड.
कांचन आरशासमोर,
वरचा ओठ दोन बोटांनी उचलून
मोबाईलच्या बॅटरीने आत बघत होती,
जीभ टाळूवर फिरवत, मधोमध,
सांधा शोधावा तशी.

मी पाणी न पिताच
परत येऊन पडलो.