युज्वली

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
जिथे रेडिएटर रात्रभर खोकतो
आणि वाऱ्याने तोंड फिरवलं की मासळीचा वास येतो,
मिसेस ऑगल्बी फळ्यावर आडवी रेघ ओढतात.
एका टोकाला शंभर, दुसऱ्याला शून्य.
ऑलवेज शंभरावर. नेव्हर शून्यावर.
"या दोघांशी आपलं फारसं काम पडत नाही," त्या म्हणतात,
आणि ऐंशीच्या आसपास मार्कर टेकवतात: युज्वली.

"ऐंशी म्हणजे आठवड्याचे किती दिवस?"
दाइवा विचारते. ती कारखान्यात कॉडचे काटे काढते,
तिला हिशेब लागतो.
आम्ही बोटं मोजतो. साडेपाच आणि वर थोडं.
"म्हणजे शनिवारी दुपारनंतर नाही," शेरको म्हणतो.
हशा.

मी वहीत समोर लिहिते: सहसा.
मग अडते.
आपला सहसा एकटा कुठे जात नाही,
मागे 'नाही' असतोच:
सहसा चुकत नाही, सहसा कुणाकडे मागत नाही.
आणि शाळेतल्या संस्कृतात तर हाच सहसा
अवचित अंगावर यायचा.
बहुधा लिहू? त्यात शंका.
खोडून खोडून कागद भोकाला येतो, तेव्हा सुचतं: एरवी.
एरवी बरं आहे.
पण एरवी आपण म्हणतो कधी?
आज काहीतरी निराळं असेल, तेव्हाच.

आता वाक्यं.
लेतेब्रहान उभी राहून वाचते,
शाल सावरत, एकेक शब्द पायरीसारखा चाचपत:
माय हजबंड युज्वली मेक कॉफी.
"छान. अजूनही करतो?"
"अजून... सुदानमध्ये करत होता. सात वर्षं झाली."
"मग युज्वली नाही," मिसेस ऑगल्बी म्हणतात,
"युज्ड टू," आणि तसं लिहितात.

करतो. करायचा.
आमच्यातही मधे फारसं अंतर नाही,
तेवढ्यात माणूस भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसतो.

लेतेब्रहान फळ्याकडे बघत राहते.
"हे रेघेवर कुठे?"
"कोणतं?"
"युज्ड टू. किती टक्के?"
मार्कर रेघेवरून सरकतो. ऐंशी, पन्नास, दहा.
शून्यापाशी थांबतो, शून्यावर टेकत नाही.
"मला कुणी सांगितलेलं नाही," ती म्हणते,
"तो नाही म्हणून."
रेडिएटरसुद्धा त्या वेळी गप्प होता,
किंवा मला तसं आठवतं.

मिसेस ऑगल्बींनी डस्टर शोधलं नाही.
स्वेटरच्या बाहीनेच युज्ड टू पुसलं,
तिथे पुन्हा युज्वली लिहिलं,
आणि मेकच्या शेपटीला एक एस जोडला.
"एवढीच चूक होती," म्हणाल्या,
आणि बरोबरची खूण केली.

साडेसातला बसथांब्यावर आम्ही तिघी.
लेतेब्रहान सांगते, आमच्याकडे कॉफी बायकांनी करायची,
पण हा ऐकत नाही. बिया भाजायला स्वतः बसतो,
गप्पांत रंगतो, तवा विसरतो.
"मग करपते?" दाइवा विचारते.
ती तोंडाला शाल लावून हसते.
"युज्वली," म्हणते.

बस अजून आलेली नाही.
एरवी येते.