अठरा अंश

कडोलीच्या रताळ्यातला एक जीन
आम्ही जिवाणूच्या पोटात घातला.
अक्षरं चारच, दोघांचीही तीच,
तरी वाचन जमेना.

रताळं बोलता बोलता भलतंच पुटपुटतं
आणि मागाहून स्वतःच ते गाळून टाकतं.
जिवाणूला गाळणं ठाऊक नाही.
तो सगळंच खरं धरतो,
आणि एखाद्या आडशब्दापाशी
वाक्य संपलं समजून थांबतो.

मग आम्ही पुटपुट काढून दिली.
आता तो असा धडाधड वाचत सुटला
की प्रथिनाचा नुसता गोळा झाला,
कढईच्या बुडाला लागलेल्या कुंद्यासारखा.

समोरच्या टेबलावर शिवलीला हुक्केरी.
सौंदत्तीहून आली तेव्हा
माझ्या मराठीला फक्त मान डोलवायची.
मग एकदा म्हणाली,
"थोडं हळू बोल की. समजालंय मला."

काल रात्री तिनंच शेकर
सदतीसवरून अठरावर आणला.
उद्यमबागेत शेवटची पाळी सुटली.
काचेला धुकं.
आत फ्लास्क सावकाश हिंदकळत होते,
कुणी झोपेत उच्चार घोकावेत तसे.

दुपारी जेलवर एक फिकी पट्टी,
हवी तिथंच.
"बंतु," ती म्हणाली.
मी वहीत तापमान लिहून ठेवलं.