रकाना सात

ग्रिम्सबीला एप्रिलातही वारा मासळीचाच येतो,
गोदी ओस पडून इतकी वर्षं झाली तरी.
आमच्या ऑफिसच्या खिडक्या उघडत नाहीत,
तरी येतो.

दर एप्रिलला मी एकशे बारा पाकिटं भरते.
आगीत गेलेल्यांच्या, आगीनंतर खोकत खोकत गेलेल्यांच्या,
आणि सुखानं झोपेत गेलेल्या बंबवाल्यांच्याही बायकांना
कागद एकच.
आपल्याकडे हयातीचा दाखला असतो ना, तसला.
फक्त इथे हयात असणं पुरत नाही.
रकाना सात विचारतो :
आपण पुन्हा लग्न केले आहे काय,
किंवा कोणासोबत नवराबायकोसारखे राहता काय?

सारखे.
या एका शब्दावर मी अकरा वर्षं पगार घेतला.
किती सारखे?
एका ताटात? एका गॅसबिलात?
त्याची गोळी कुठली सकाळची, कुठली रात्रीची,
हे डबी न बघता सांगता येतं, इतके?
नियमपुस्तकात व्याख्या आहे, दीड पान,
ती वाचून कुणालाही
स्वतःचं लग्न संशयास्पद वाटू लागेल.

एव्हरिल टास्कर यांचा कागद सदतीस वर्षं पोस्टानं यायचा.
सातमध्ये 'नाही'.
निळी शाई, फुली इतकी दाबून
की मागून बोट फिरवलं तर हाताला लागावी.
यंदा त्या स्वतः आल्या.

फाइल जाड. तळाशी क्लाइव्ह, वय एकतीस,
मासे धुरी देण्याच्या कारखान्याचं छप्पर, पहाटेचे चार,
आणि परत केलेल्या वस्तूंची यादी :
घड्याळ एक.
अंगठी एक, कापावी लागली.
बसचा पास.
खाली सही, सव्वीस वर्षांच्या मुलीची,
आडनावात एक अक्षर चुकलेलं, खोडलेलं.

"रोलंड," त्या म्हणाल्या, "रस्त्यापलीकडे, एकतीस नंबर. मी चौदात.
एकोणीस वर्षं झाली.
रविवारचं जेवण माझ्याकडे, आणि नऊच्या आत तो घरी.
नऊच्या आत हं. पावसातसुद्धा."
मी पेन खाली ठेवलं. हातात असलं की लिहावं लागतं.
"दोन घरं तापवतो आम्ही. दोन केटल्या, दोन टीव्ही,
मालिका एकच,
फोन कानाला लावून बघतो."

फेब्रुवारीत एका सकाळी त्यानं पडदा सरकवला नाही.
पडदा, ही त्यांची खूण.
रात्रभर तो स्वैपाकघराच्या फरशीवर होता,
आणि समोर मी गाढ झोपले होते, म्हणाल्या,
पेन्शन सांभाळत.

वाचला. डावा हात तेवढा ऐकत नाही.

मी सांगायचं ते सांगितलं :
महिन्याचे सहाशे अकरा पौंड. बंद म्हणजे बंद.
उद्या रोलंड गेला तरी परत सुरू व्हायचे नाहीत.
ठाऊक आहे, म्हणाल्या.
"क्लाइव्हनं काही कमी केलं नाही मला.
इतकी वर्षं माझा गॅस तोच भरतोय.
आता म्हणावं, बस झालं. जरा दम खा."

दम खा, हे माझं मराठी.
त्यांच्या इंग्रजीत श्वासाचा शब्द नव्हता.
पण मी त्या घटकेला तेच ऐकलं.

रकाना सात. हो.
फुली हलकी, मागे न उमटलेली.

या कागदाला जाणारं पत्र तयारच असतं,
'कळवण्यास खेद होतो की' पासून सुरू होणारं.
खेद खोडता येत नाही, संगणक हात लावू देत नाही.
मी कर्सर त्या शब्दापाशी ठेवून बसले.

खाली गाडीत एक म्हातारा, काच धुकटलेली,
ड्रायव्हरच्या जागेवर कुत्रं.
बाईंनी दार उघडलं.
कुत्रं न सांगता मागच्या सीटवर गेलं.